जालना रोडवरची पार्टनरशिप

कंपनी बंद पडली की खुर्च्या विकल्या जातात, एसी कुणीतरी उतरवून नेतं, पाटी भंगारात जाते. किस्से मात्र कुणी उचलून नेत नाही. ते आपल्याच अंगावर राहतात. आम्ही तिघं, म्हणजे भागवत, नवनाथ आणि मी, कधी बीडच्या जालना रोडवर चहाला भेटलो की कुणीतरी म्हणतं, "ए, ते आठवतंय का?" आणि मग एकातून एक निघत जातात. आम्ही इतके हसतो की एकदा चहावाला म्हणाला, "तुमची कंपनी लई जोरात चालली वाटतं!"

नवनाथला तर ठसकाच लागला.

आधी ओळख करून देते. आमचे मालक कोटुळे सर. पूर्वी बीडमध्येच एका क्लासवर कॉम्प्युटर शिकवायचे. त्यांच्या चुलतभावाचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत दुकान. शेतकरी सोयाबीन, तूर घेऊन येणार, माप होणार, भाव लागणार, त्यातून हमाली, तोलाई वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात हिशोबाची पट्टी पडणार. हे सगळं भाऊ हातानं लिहायचा. सरांनी त्याच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला आणि नाव ठेवलं 'मापाडी'. बाजारात माप करणाऱ्याला म्हणतात तेच. शेजारच्या दुकानदारानं मागितला, मग त्याच्या शेजारच्यानं. बघता बघता माजलगाव, केज, सिरसाळा, सगळीकडं 'मापाडी' पोचला आणि जालना रोडवर एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर आमची कंपनी उभी राहिली.

भागवत प्रोग्रॅमर. लिंबागणेशहून रोज एसटीनं यायचा. नवनाथ मोटारसायकलवर दुकानोदुकानी जाऊन सॉफ्टवेअर बसवायचा. आणि मी वर्षा, फोनवर. गिऱ्हाइकांना माझं आडनाव आजही माहीत नाही. मी 'मापाडीवाली ताई'.

चाललं होतं बरं. फार मोठं नाही, पण पगार व्हायचे, दिवाळीला मिठाई व्हायची. मग पुण्याची एक मोठी कंपनी आली. नाव सांगत नाही. सांगितलं तर त्यांच्या लीगल डिपार्टमेंटची मेल येते, हे आम्ही अनुभवानं शिकलो आहोत. त्यांना शेतीच्या बाजारात शिरायचं होतं. त्यांच्याकडं सर्व्हर, मोबाईल ॲप, माणसं. आमच्याकडं गिऱ्हाईक. ते म्हणाले, आपण टेक्नॉलॉजी पार्टनर होऊ.

सर त्या दिवशी ऑफिसात आले तेच पेढे घेऊन. म्हणाले, "आता आपले प्रॉस्पेक्ट्स बघा! आज बीड, उद्या सगळा महाराष्ट्र!"

आणि खरं सांगते, आम्हाला तिघांनाही तसंच वाटलं होतं.

* * *

कराराचा मसुदा आला. जाडजूड, सगळा इंग्रजीत. सरांनी तो बहिणीच्या नवऱ्याकडं वाचायला दिला. त्यांना सगळे दामोदर वकील म्हणतात, सर म्हणतात दाजी. बीडच्या कोर्टात त्यांचं सगळं आयुष्य जमिनीच्या दाव्यांत गेलेलं.

दाजी मसुदा घेऊन ऑफिसात आले. सरांनी विचारलं, "काय म्हणता?"

"सगळं बरोबर हाय. हक्क लिवलेत, जबाबदाऱ्या लिवल्यात, कुणाला कधी नोटीस द्यायची तेबी लिवलंय. फक्त चतुःसीमा दिसंनात."

"कसल्या चतुःसीमा?"

"पूर्वेला कुणाचं, पश्चिमेला कुणाचं. तुमचं रान कुठं संपतंय अन् त्यांचं कुठं सुरू होतंय, तेवढंच लिवलं न्हाई. हे एका ठिकाणी 'संयुक्त' म्हणलेत, पुन्हा दुसऱ्या ठिकाणीबी 'संयुक्त'च म्हणलेत."

सर खो खो हसले. "दाजी, हे सॉफ्टवेअर हाय, रान न्हाई!"

आम्हीही हसलो. दाजीही हसले. मसुदा टेबलावर ठेवला, चष्मा खिशात टाकला आणि म्हणाले, "आसंल बाबा. माझा अनुभव आपला बांधाचा. बांध ठरलेला नसला की लोक माझ्याकडं येतेत. मी तर त्याच्यावरच जगतो!"

* * *

सहीचा कार्यक्रम एका हॉटेलात ठेवला होता. पार्टनरकडून अनघा मॅडम आल्या. व्हाइस प्रेसिडेंट. बोलायला गोड, सुती साडी, हातात सारखा मोबाईल. पुढं सगळा कारभार त्यांच्यामार्फतच झाला.

सरांनी फ्लेक्सचं काम एका पुतण्याकडं दिलं होतं. आपल्याकडं फ्लेक्स म्हटलं की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. 'ऐतिहासिक करार' असं ठळक अक्षरात, खाली सरांचा हात जोडलेला फोटो, कोपऱ्यात पार्टनरचा लोगो पोस्टाच्या तिकिटाएवढा. आणि मधोमध, सगळ्यांत मोठा, तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा फोटो. गॉगल, गळ्यात जाड साखळी, मोबाईल कानाला लावलेला. त्यांचा ह्या कराराशी काय संबंध होता, हे त्यांनाही माहीत नसणार. पण पुतण्या म्हणाला, त्यांच्याशिवाय फ्लेक्स मोकळा दिसतो.

अनघा मॅडम फ्लेक्सकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच सरांना विचारलं, "सर, हे गृहस्थ कोण? मीटिंगमध्ये कधी दिसले नाहीत. हे तुमच्या बोर्डवर आहेत का?"

सर जरा गडबडले. उत्तर नवनाथनं दिलं.

"बोर्डावरच हायेत की मॅडम! बघा ना, सगळ्यांत मोठे तेच हायेत!"

मॅडमनी ते मान हलवून लक्षात ठेवलं. पुढचे कित्येक महिने त्यांच्या मेलमध्ये शेवटी एक ओळ असायची, 'कृपया बोर्डवरच्या त्या सरांनाही कळवावे.'

* * *

पहिला बदल आला तो भाषेचा. 'मापाडी'तले शब्द आम्ही मोंढ्यात बसून गोळा केलेले. दुकानदार जसं बोलतो तसंच स्क्रीनवर दिसलं पाहिजे, हा सरांचा हट्ट. पार्टनर म्हणाला, हे 'स्टँडर्ड' नाही. त्यांनी सगळे शब्द आधी इंग्रजीत नेले, कारण ते काम करणाऱ्या टीमला मराठी येत नव्हतं. मग त्यांच्या मशीननं ते परत मराठीत आणले.

सकाळी अपडेट गेला आणि माझा फोन वाजायला लागला. पहिला फोन शिवलिंगअप्पांचा. अप्पांचं सिरसाळ्याला मोठं आडत दुकान. आमचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक. कपाळाला भस्म, आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा.

"पोरी, तुमच्या मशिनीला झालंय काय?"

"काय झालं अप्पा?"

"हमालीच्या जागी 'हाताळणी शुल्क' लिवलंय. हमाल म्हनायलेत आमी कुणाला हाताळलं न्हाई! ऱ्हाऊ दे ते. पट्टी छापायचं बटन कुठं गेलं?"

मी माझ्या स्क्रीनवर बघितलं. 'पट्टी छापा' हे बटण गायब होतं. पट्टीचं इंग्रजीत 'बँडेज' झालं होतं, आणि बँडेजचं परत मराठीत. मी हळूच म्हटलं, "अप्पा, खाली 'मलमपट्टी छापा' असं दिसतंय का? तेच दाबा."

अप्पांनी ते शब्द मोठ्यानं वाचले. मग अप्पा म्हणाले, "पोरी, सोयाबीनचा भाव पडलाय हे खरं हाय. म्हनून सगळ्या बाजारासमोर शेतकऱ्याला मलमपट्टी?"

मी ताबडतोब अनघा मॅडमना मेल केली. उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे. युजर्सना हळूहळू सवय होईल.'

तो शब्द बदलायला त्यांना पूर्ण हंगाम लागला. तोपर्यंत आमच्या भागात कुणाचाही माल पडेल भावानं गेला की लोक म्हणायचे, "जा, मलमपट्टी घेऊन ये!"

* * *

रोज सकाळी पुण्याबरोबर व्हिडिओ मीटिंग सुरू झाली. कालच्या कामाबद्दल बोलायचं, आजच्याबद्दल बोलायचं आणि अडचण असेल तर सांगायची. आमची अडचण बहुतेक वेळा ती मीटिंगच असायची.

एकदा अनघा मॅडमनी गंभीर चेहऱ्यानं विषय काढला, "आपला 'बस फॅक्टर' फार वाईट आहे." आम्ही एकमेकांकडं बघितलं. त्या समजावून सांगू लागल्या. "सगळा कोड फक्त भागवतला माहीत आहे. उद्या समजा भागवत बसखाली आला, तर प्रोजेक्टचं काय?"

सरांचा चेहरा उतरला. असं कुणाच्या समोर त्याच्याबद्दल बोलतात का? पण भागवत शांत. तो माईककडं वाकला आणि म्हणाला, "मॅडम, मी लिंबागणेशहून एसटीनंच येतो. रोज आत बसलेला आसतो. खाली कशाला येईन?"

पुण्याकडची सगळी पोरं हसली. मॅडमही हसल्या. पण काम थांबलं नाही. ठरलं की भागवतनं आपल्याला येतं ते सगळं त्यांच्या टीमला शिकवायचं. त्याला 'नॉलेज ट्रान्सफर' म्हणतात.

भागवत इतका खूश की विचारू नका. त्याच्या घराण्यात पहिल्यांदा कुणी मोठ्या कंपनीच्या इंजिनिअरांना शिकवत होतं. इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. कुठली ओळ कशासाठी लिहिली, माप चुकलं तर प्रोग्रॅम 'मालक, माप परत बघा' म्हणून कसा अडवतो, एकाच नावाचे दोन शेतकरी आले तर काय करायचं, सगळं मन लावून सांगायचा. त्याच्या आईनं शेंगदाण्याचे लाडू करून दिले, 'तुझ्या विद्यार्थ्यांना पाठव' म्हणून. ते त्यानं खरंच कुरियर केले!

शिकवणं संपलं तेव्हा मेल आली. भागवतनं ती माझ्या टेबलावर आणून दाखवली. इंग्रजीत लिहिलं होतं, ह्या ट्रान्झिशनमध्ये तुम्ही केलेल्या मदतीबद्दल आभार.

"ताई, ट्रान्झिशन म्हंजी?"

"स्थित्यंतर."

"कुणाचं?"

मी म्हटलं, "लाडू आवडले का, ते काही लिहिलंय का बघ."

"न्हाई," भागवत म्हणाला. "लाडवाचं काही न्हाई."

* * *

नवनाथचं लग्न जमत नव्हतं. पोरगा देखणा, घरची थोडी शेती, व्यसन नाही. पण "बीडात प्रायव्हेट नोकरी" म्हटलं की स्थळ परत फिरायचं. एका मुलीच्या बापानं तर तोंडावर विचारलं होतं, "म्हंजी दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करतो काय?"

पार्टनरशिपची बातमी पेपरात आली आणि चित्रच पालटलं. तेच पाव्हणे स्वतः चालत आले. ऑफिस बघायचं म्हणाले. सरांनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं, अनघा मॅडमबरोबरचा फोटो दाखवला. पाव्हण्यांनी एकच प्रश्न विचारला, "पुण्याची कंपनी ह्यांना सोडणार तर न्हाई ना?"

सर म्हणाले, "करार झालाय, पाव्हणं!"

लग्न ठरलं. पत्रिका छापल्या. नवनाथच्या वडलांनी पत्रिकेवर पोराच्या नावाखाली 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' लिहिलं, आणि त्याच्याखाली आमच्या कंपनीचं नाव न टाकता थेट पार्टनरचं टाकलं. लोगोसकट! गणपतीच्या बरोबर समोर.

नवनाथनं मोठ्या हौसेनं मॅडमना व्हॉट्सॲपवर आमंत्रण पाठवलं. हळदीच्या दिवशी मेल आली. त्यांच्या लीगल डिपार्टमेंटची. परवानगीशिवाय कंपनीचं नाव आणि बोधचिन्ह वापरल्याबद्दल तीव्र आक्षेप, सदर सामग्रीचं वितरण तात्काळ थांबवावं, अन्यथा पुढील कारवाई.

नवनाथ अंगाला हळद लावून बसलेला. त्यानं प्रिंट काढून वडलांच्या हातात दिली, म्हणाला, "आबा, कंपनीकडून आलंय."

आबांना इंग्रजी येत नाही. त्यांनी वरचा लोगो बघितला, खालची सही बघितली, आणि मांडवात जाऊन व्याह्यांसमोर तो कागद उंच धरला.

"बघा पाव्हणं! साहेबाला यायला जमलं न्हाई, पर कंपनीनं शुभेच्छा धाडल्यात!"

टाळ्या पडल्या. नवनाथनं खरं काय आहे ते कुणालाच सांगितलं नाही. सासऱ्यांनी त्या कागदाची फ्रेम करून घेतली. अजून त्यांच्या बैठकीत आहे म्हणे.

* * *

पार्टनरचा पुण्यात मोठा समारंभ होता. सरांना स्टेजवर बोलावणार असं कळलं. सरांनी बीडातून नवा ब्लेझर शिवून घेतला. भाषण इंग्रजीत लिहिलं, माझ्याकडून दुरुस्त करून घेतलं, आणि ऑफिसात आमच्यासमोर उभं राहून म्हणून दाखवलं. 'मापाडी' कसा सुरू झाला, चुलतभावाचं दुकान, पहिलं गिऱ्हाईक. ऐकताना भागवतच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आम्ही गाडी करून गेलो. सर, भागवत आणि मी. हॉल असा गार की आपण बीडच्या उन्हातून आलोय हे विसरायला होतं. पडद्यावर 'मापाडी'चे स्क्रीन दाखवत होते. रंग बदलला होता, नाव इंग्रजी होतं. भागवत माझ्या कानात म्हणाला, "ताई, ते बघ, तो कोपऱ्यातला चौकोन मी केलता."

मग सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं हिंदीत जाहीर केलं, "अब हमारे बीच आ रहे हैं बीड ज़िले के एक प्रगतिशील किसान, कोटुळेजी!"

सर उठले. मला वाटलं, चूक झाली, आता कुणीतरी सुधारेल. सर स्टेजवर चढले. खिशातून भाषणाचा कागद काढला. मुलीनं त्यांच्यासमोर माईक धरला, स्वतःच्या हातातून न सोडता.

"कोटुळेजी, बताइए, इस ॲप ने आपकी ज़िंदगी कैसे बदली?"

सरांच्या नावावर गुंठाभर रान नाही. सरांनी पहिल्या रांगेत बसलेल्या अनघा मॅडमकडं बघितलं. मॅडम टाळ्या वाजवत होत्या. सरांनी कागदाकडं बघितलं, मग तो परत खिशात ठेवला.

"लई बदलली," सर म्हणाले.

हॉल टाळ्यांनी दणाणला. सरांच्या हातात एक रोपटं दिलं, कुंडीसकट.

परत येताना नगर मागं पडलं. कुंडी सरांच्या मांडीवरच. शेवटी भागवतला राहवेना. "सर, सांगायचं ना! की हे समदं मी लिवलंय म्हनून!"

"टाळ्या चालू झाल्या ना बे," सर म्हणाले. "टाळ्यांच्या मधी कसं बोलायचं?"

* * *

त्याच्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एका दुपारी मीटिंग लागली, तिला नाव होतं 'पुढील दिशा'. अनघा मॅडम त्या दिवशी नेहमीपेक्षा गोड बोलत होत्या. बीडच्या टीमचं कौतुक झालं. मग म्हणाल्या, "आम्ही विचारपूर्वक ठरवलंय, की जुन्या 'मापाडी'ला आता सनसेट करायचं. पुढं सगळे कस्टमर आपल्या नव्या ॲपवर राहतील. सपोर्ट इथून, पुण्यातून होईल."

भागवतनं मला खुणेनं विचारलं, सनसेट म्हणजे काय? मी काही सांगायच्या आत नवनाथनं खिडकीबाहेर बघितलं आणि पुटपुटला, "सनसेट? अजून तर लई ऊन हाय."

सरांना कळलं होतं, 'मापाडी' बंद होणार. त्यांनी टाय नीट केला, कॅमेऱ्याकडं बघितलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "मॅडम, सूर्य आमच्याकडं मावळला. मग उगवणार कुणाकडं हाय?"

स्क्रीनवर मॅडम कानातलं यंत्र चाचपत म्हणाल्या, "सर, तुमचा आवाज तुटतोय. आपण नंतर बोलू."

नंतर कुणी बोललं नाही. दामोदर वकील आले. म्हणाले, दावा लावता येईल, पण मोजणी कुठल्या बांधापासून मागायची? त्या दिवशी कुणी हसलं नाही. सरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की ह्या महिन्यापर्यंतच. भागवतनं मान खाली घातली. नवनाथ म्हणाला, "सर, सासऱ्याला काय सांगू?" सर उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिले.

* * *

मला वाटलं होतं, जुनी गिऱ्हाइकं तरी थांबतील. पार्टनरनं नवं ॲप पहिल्या हंगामाला फुकट दिलं. शिवलिंगअप्पा स्वतः बीडला आले, जिने चढून वर आले, धाप लागलेली.

"पोरी, फोनवर सांगायला बरं वाटंना, म्हनून आलो. मी त्यांचं घेतलंय."

"असू द्या अप्पा."

"फुकट देतेत. सगळ्या बाजारानं घेतलं. मी एकट्यानं कावून मागं ऱ्हायचं? माझी पोरं मला येड्यात काढतेत."

मी चहा मागवला. अप्पांनी तो घेतला नाही. खाली मान घालून बसले आणि गेले.

आता मी एका पतसंस्थेत काम करते. पण हंगाम सुरू झाला आणि ऐन कामाच्या वेळी फोन. तोच आवाज. "पोरी, माप अडकलंय! बाहेर गाड्यांची रांग लागली!"

"अप्पा, आता पुण्याला फोन करायचा."

"केला की! ती बाई हिंदीत सांगती एक दाबा, दोन दाबा. सगळे दाबून झाले. आता काय दाबू, तिचा गळा?"

"पण अप्पा, ते सॉफ्टवेअर आता आमचं राहिलं नाही."

"मला ठावं हाय. सॉफ्टवेअर त्यांचं हाय, पर नंबर तर मला तुझाच पाठ हाय ना!"

मी कॅशिअरला थांबायची खूण केली आणि अप्पांना सांगितलं, कुठलं बटण दाबायचं. बटण तिथंच होतं, भागवतनं ठेवलं होतं तिथं. मी त्यांच्यावर चिडले होते की स्वतःवर, ते अजून कळलेलं नाही. त्यांचा फोन मात्र दर हंगामात येतो आणि मी उचलते.

* * *

आता हा शेवटचा. हा माझ्या डोळ्यांसमोर घडला. मी तो भागवत आणि नवनाथला सांगितला तेव्हा त्या दिवशी चहावाल्यानं आमच्याकडं बघून काही विचारलं नाही.

कंपनी बंद झाल्यावर कोटुळे सर मोंढ्यात चुलतभावाच्या आडत दुकानात बसायला लागले. मला अनुभवाच्या दाखल्यावर त्यांची सही हवी होती, म्हणून मी गेले होते. सर गादीवर, पांढरा शर्ट, डोक्याला रुमाल. शेजारी तुरीची पोती. कुणालाही वाटावं, पिढ्यान् पिढ्या आडतच करत आलेत.

तेवढ्यात एक मुलगी आत आली. परळीकडची असावी, बोलण्यावरून. गळ्यात पार्टनरचं ओळखपत्र, हातात टॅब. पहिलीच नोकरी आहे हे चेहऱ्यावर लिहिलेलं.

"काका, दोन मिनिटं देता का? आडत दुकानासाठी लई भारी सॉफ्टवेअर हाय आमचं."

मी सरांकडं बघितलं. वाटलं, आता काहीतरी होणार. सर म्हणाले, "बस की बाळ. दाखव."

तिनं सगळं दाखवलं. माल कसा टाकायचा, भाव कसा लावायचा, एकाच नावाचे दोन शेतकरी आले तर गावाचं नाव कसं विचारतं. सर मान हलवत होते. मध्येच म्हणाले, "ह्येच्यात माप चुकलं तर?"

"थांबा, दाखवते ना!" तिनं मुद्दाम चुकीचं वजन टाकलं. स्क्रीनवर अक्षरं आली, 'मालक, माप परत बघा.'

सर त्या ओळीकडं बघत राहिले.

"हे कुणी केलं गं?"

"आमची एआय टीम हाय पुण्याला," मुलगी अभिमानानं म्हणाली. "लई हुशार लोक हायेत." मग तिला शिकवलेला प्रश्न आठवला असावा. "काका, तुमी आधी कुठलं सॉफ्टवेअर वापरायचात?"

"होतं एक. बीडचंच."

"मग सोडलं कावून? चालत नव्हतं का?"

"चालत होतं की. चांगलं चालत होतं."

"मग काय झालं त्याला?"

सरांनी रुमालाचं टोक घेऊन टॅबच्या काचेवरची धूळ पुसली आणि तो हळूच तिच्याकडं सरकवला.

"त्याला पार्टनर मिळाला."

"आगं बाई!" ती मनापासून म्हणाली. "मग तर लई चांगलं झालं की ओ काका!"